आवाज पोचत नाही

७ ऑगस्ट, सोमवार

आजपासून ही वही. कारण राग. स्टाफरूममध्ये बोलून दाखवायची सोय नाही, म्हणून लिहून ठेवतो.

सव्वीस वर्षं मी दहावीला आधुनिक अमेरिकन नाटक शिकवतोय. शिकवतोय कसलं, उतरवून देतोय, असं मुलं म्हणतात. माझ्यामागे मला 'टिपणे सर' म्हणतात तेही ठाऊक आहे. 'आधुनिक अमेरिकन नाटकाची सात वैशिष्ट्ये' या माझ्या टिपणाच्या झेरॉक्स शेजारच्या शाळांतही फिरतात. घरगुती वातावरण, साधी बोली, कुटुंबातले ताण आणि पुढची चार. सातही घडाघडा लिहिली की पैकीच्या पैकी गुण.

यंदा अभ्यासक्रम बदलला. शंभरातले चाळीस गुण आता प्रयोगाला. म्हणजे मुलांनी नाटक वाचायचं नाही, उभं करायचं आणि त्यातून शिकायचं. त्यासाठी एक नव्या बाई आल्या आहेत. वय अठ्ठावीस, पायात कॅनव्हासचे बूट, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. मुख्याध्यापिका, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, म्हणाल्या, "सर, त्या नाटक बसवतील, तुम्ही गुण द्या. त्यांचा उत्साह आणि तुमचा अनुभव."

कानामागून आली आणि तिखट झाली, असं मी मनात म्हटलं.

शिवाय या नव्या बाई बोलतात फारच हळू. शिक्षिकेनं असं तोंडातल्या तोंडात बोलून कसं चालेल?

१० ऑगस्ट

आज बाईंनी सगळे बाक भिंतीला लावले आणि फरशीवर खडूनं स्वयंपाकघर काढलं. इथे दार, इथे नळ, हे टेबल, ही तळ्याकडची खिडकी.

नाटक असं आहे. तळ्याच्या काठी एक बाप राहतो. बोटीतून माणसं आणि गाड्या पलीकडे नेणं हा त्याचा धंदा. आता तळ्यावर पूल होतोय. मुलीनं त्या पुलाच्याच कंपनीत नोकरी धरलीय आणि बापाला सांगायची तिची छाती होत नाही. तीन अंक सगळे स्वयंपाकघरात. पूल शेवटपर्यंत दिसत नाही.

चाळीस मिनिटांत एक ओळ वाचली नाही. फक्त एकेकानं दारातून आत यायचं. बाईंची सूचना एवढीच, की बापाला काहीतरी सांगायचंय आणि ते सांगायचं नाहीये. बहुतेक जण कपाळाला हात लावून उसासे टाकत होते. मी खिडकीबाहेर बघत होतो.

मग 'टपाल' आली. शाळेतली कुठलीही बातमी आधी या मुलीकडे पोचते आणि मग जगाकडे, म्हणून ते नाव. ती आत आली, नसलेला नळ सोडला आणि नसलेला कप धुतला. पालथा घातला. परत उचलला आणि परत धुतला. मग तिसऱ्यांदा. वर्ग चिडीचूप झाला. घड्याळ बघायचं माझंही राहून गेलं.

'कृतीतून व्यक्त होणारा ताण' हे माझ्या टिपणातलं सहावं वैशिष्ट्य. सव्वीस वर्षं लिहून देतोय. पाहिलं मात्र आज. हे मी कुणाला सांगणार नाही.

१८ ऑगस्ट

मुलीची भूमिका टपालला आणि बापाची 'खांबा'ला दिली. उंच, पोक काढून चालणारा, कायम मागच्या बाकावर. आठवीपासून माझ्या वर्गात आहे आणि त्याच्या तोंडून एक शब्द मी ऐकलेला नाही. आज वाचन केलं, तेव्हाही नाही.

"मोठ्यानं!" मी म्हटलं. त्यानं परत वाचलं.

"अरे बाबा, मोठ्यानं! शेवटच्या रांगेतल्या माणसानं काय पाप केलंय?"

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. बाई काहीतरी म्हणाल्या. मी "काय?" म्हटलं. त्या वर्ग ओलांडून माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि सावकाश म्हणाल्या, "सर, हा बाप थकलेला आहे. तो ओरडणार नाही."

मी म्हटलं, थकायला हरकत नाही, पण तिकीट काढून आलेल्याला कळू दे ना, कशानं थकलाय ते.

हल्लीच्या मुलांना तोंड उघडायचाच आळस. हे एका वर्गाचं नाही, सगळीकडे तेच. बँकेतला मुलगाही परवा पुटपुटत होता.

घरी मात्र सुधारणा आहे. ही पूर्वी स्वयंपाकघरातून हाका मारून बोलायची, त्यावरून आमचं कितीदा वाजलंय. हल्ली हातातलं काम टाकून समोर येते आणि मग बोलते. उशिरा का होईना, माझं म्हणणं पटलं म्हणायचं.

४ सप्टेंबर

बाईंचं शिकवणं चोरून शिकण्यासारखं आहे. आजचा प्रसंग जसाच्या तसा लिहून ठेवतो.

एकच वाक्य घेतलं, 'कॉफी गार झाली.' दुसऱ्या अंकात बाप मुलीला म्हणतो. बाईंनी खांबाला विचारलं, "तुला आत्ता तिच्याकडून काय हवंय?"

खांबानं खांदे उडवले.

"कॉफी हवीय का?"

त्यानं मान हलवली. नाही.

"मग?"

तो जमिनीकडे बघायला लागला. मग काहीतरी बोलला. मला ऐकू आलं नाही, पण बाईंचा चेहरा उजळला. मी शेजारच्या मुलीला विचारलं, तेव्हा तिनं माझ्या वहीच्या कोपऱ्यावर लिहून दाखवलं: 'तिनं खोटं बोलणं थांबवावं असं वाटतंय.'

सोळा वर्षांच्या पोराला तीन शब्दांच्या खाली हे दिसलं! मी त्या शब्दांवर 'साधी बोली' असा शिक्का मारून सव्वीस वर्षं पुढे जात होतो.

तास संपताना बाई म्हणाल्या, "अभिनय म्हणजे बोलणं नाही रे, ऐकणं. समोरच्याचं ऐकलंत की तुमचं वाक्य आपोआप येतं." हे त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या असं वाटलं. का, ते कळलं नाही.

२० सप्टेंबर

पहिली चाचणी झाली. सभागृहात मी शेवटच्या रांगेत बसलो. प्रेक्षकाचा न्याय तिथूनच करायचा.

टपालला चाळीसपैकी चौतीस. तिचं तोंड सतत माझ्याकडे होतं, शब्द न् शब्द सुटा. खांबाला अकरा. शेरा लिहिला: 'आवाज पोचत नाही.' दुसरं काय लिहिणार? तो बहुतेक वेळ खिडकीकडे तोंड करून उभा होता. पाठ बोलकी होती, हे कबूल. पण पाठीला गुण कसे देऊ?

बाई स्टाफरूममध्ये आल्या आणि समोरची खुर्ची ओढून बसल्या. "सर, मी मागच्या दारात उभी होते. मला सगळं नीट ऐकू आलं."

"तुम्हाला नाटक पाठ आहे, बाई. म्हणून."

त्यांनी फोन काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "रेकॉर्डिंग केलंय. ऐकाल?"

"गुण देऊन झालेत. रजिस्टरवर सही झालीय."

त्यांनी आणखी काहीतरी विचारायला तोंड उघडलं, आणि मिटलं. मी जिंकलो. जिंकल्यासारखं वाटत का नाही, कुणास ठाऊक.

२६ सप्टेंबर

खांबाची आई आली होती. बेकरीत भट्टीवर काम करते. पहाटेची पाळी संपवून थेट आली, भुवयांवर पिठाचा पांढरा थर तसाच. मी भांडणाच्या तयारीत होतो.

"सर, भांडायला नाही आले मी. गुण कमी का, एवढंच सांगा. रोज गच्चीवर जाऊन म्हणतो तो. खालच्या मजल्यावरचे लोक मला म्हणतात, तुमचं पोरगं एकदम म्हाताऱ्यासारखं बोलायला लागलं. आता म्हणतो, मी काम सोडतो. सोडलं तर चाळीसचे चाळीस गेले. पुढे प्रवेश कुठे मिळणार त्याला?"

"आवाज पोचत नाही त्याचा."

"कुठपर्यंत?"

  त्या बाईनं तो प्रश्न चिडून विचारला नव्हता. जागा कळली तर मुलाला सांगता येईल, म्हणून विचारला होता.

३ ऑक्टोबर

खांबानं खरंच काम सोडलं. बाई म्हणाल्या, तो परत येईपर्यंत तालीम थांबायला नको, बापाचं तुम्ही वाचा.

आढेवेढे घेतले, पण खरं सांगायचं तर हरखलो. खडूच्या रेघांत खुर्ची टाकून बसलो आणि ते स्वयंपाकघर खरं झालं की! खिडकीबाहेर तळं दिसायला लागलं. या वयात!

मुलांची तयारी बघून थक्क झालो. माझं वाक्य जवळ आलं की टपाल हलकेच माझ्या बाहीला हात लावते. किती नैसर्गिक! लेक बापाला असाच हात लावते. शेजाऱ्याचं काम करणारा बोलण्याआधी टेबलावर दोनदा बोटं वाजवतो, त्या माणसाची लकबच वाटते. आणि सगळे माझ्याकडे तोंड करून बोलतात. खांबाला हेच तर मी सांगत होतो.

शेवटी सगळ्यांसमोर कौतुक केलं. "हे बारकावे तुम्हाला बाईंनी शिकवले?"

 टपाल आपल्या बुटांकडे बघत राहिली. विनय हा गुणही दुर्मिळच.

९ ऑक्टोबर, सोमवार

नीट लिहितो. 

सकाळी माझ्या टेबलावर बाईंचा फोन, हेडफोन आणि एक चिठ्ठी होती. 'सर, एकदाच ऐका. मग पुन्हा विचारणार नाही.' म्हटलं, ऐकून टाकू, म्हणजे तोंड बंद होईल. हेडफोन लावला. काहीच नाही. आवाज वाढवला. कुजबुज. आणखी वाढवला, मग आणखी.

आणि खांब बोलला.

दुसऱ्या अंकाचा शेवट होता. मुलगी अजून लपवतेय, आणि बाप खिडकीकडे बघत म्हणतो, 'पूल चांगला बांधलाय. मी पाहून आलो.' म्हणजे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. पोरीला त्यानं तिच्या खोट्यासकट सांभाळून घेतलं होतं. खांबाच्या आवाजात थकवा होता, अभिमान होता, आणि ते दोन्ही लपवायची धडपडही होती.  शब्द न् शब्द स्वच्छ.

वाटलं, हे नंतर सुधारून केलेलं असणार. तारीख बघितली, वीस सप्टेंबर. माझीच चाचणी. मध्ये माझं खोकणंही होतं.

शेजारी गणिताचे सर पेपर तपासत होते. त्यांना म्हटलं, जरा ऐका हो. त्यांनी हेडफोन कानाला लावला आणि झटक्यात उपटून टाकला. त्यांच्या ओठांवरून कळलं, ते ओरडत होते. "अहो, कानाचे पडदे फाटतील माझे!"

फोनच्या पडद्यावर आवाजाची पट्टी शेवटच्या टोकाला टेकली होती.

दुपारीच घरी आलो. ही भाजी निवडत बसली होती. समोर बसलो आणि विचारलं, "कधीपासून?"

काय, असं तिनं विचारलं नाही. हात पुसले आणि म्हणाली, "दोन वर्षं होतील."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं. चारदा सांगितलं. तुम्ही ऐकलं नाहीत."

मग आम्ही दोघंही हसायला लागलो. हसता हसता माझं काय झालं ते लिहीत नाही.

१० ऑक्टोबर

बाईंना रिकाम्या वर्गात गाठलं. त्या फरशीवर बसून खडूच्या पुसट रेघा परत ओढत होत्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या आठवड्यातच कळलं, सर."

"आणि मुलांना?"

"माझ्या आधीपासून. आठवीपासून माहीत आहे त्यांना."

"म्हणजे ती बाही..."

"ती टपालची कल्पना. टेबल वाजवणंही. मी काही शिकवलं नाही." त्या उठल्या, हाताचा खडू झटकला आणि समोर आल्या. "सर, मला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. तुमच्यासारख्या माणसाला कसं सांगायचं, हे मला कळेना. माझ्यामुळे त्या मुलाचं नुकसान झालं."

माझ्यामुळे, असं त्या म्हणाल्या. सही माझी, शेरा माझा, आणि चूक त्या अंगावर घेत होत्या.

आणि टपाल! जिच्या तोंडात तीळ भिजत नाही, तिनं दोन वर्षं सगळ्या वर्गाला ताकीद देऊन ठेवली होती म्हणे. 'टिपणे सरांची ही गोष्ट वर्गाबाहेर गेली तर गाठ माझ्याशी आहे.' एका मुलानंही ती फोडली नाही. मी मात्र त्यांना तोंड उघडायचा आळस आहे म्हणत होतो.

११ ऑक्टोबर

मोठ्या बाईंकडे गेलो. चाचणीचे गुण रद्द करा म्हटलं. त्या म्हणाल्या, सही झालेले गुण असे रद्द होत नाहीत, लेखी कारण द्या.

'मुलाची तब्येत' लिहिता आलं असतं, 'तांत्रिक अडचण' हाही शब्द शाळेत कशालाही चालतो. निवृत्तीला अडीच वर्षं आहेत. उद्या कुणी म्हणालं, ऐकू न येणारा मास्तर वर्गावर कशाला, तर काय सांगणार? पेन टेकवून बसलो. मग लिहिलं: 'परीक्षकास ऐकू येत नव्हते. दोष परीक्षकाचा.' खाली सही केली.

त्यांनी वाचलं, चष्मा काढून ठेवला. "दोन्ही कान दाखवून या आधी," त्या म्हणाल्या. "वर्ग तुमचाच आहे. पण प्रयोगाला गुण द्यायला बाहेरचा परीक्षक बोलावते."

"बोलवाच," मी म्हटलं.

संध्याकाळी खांबाच्या घरी गेलो. तिसरा मजला, अरुंद जिना, पावाचा वास. आईनं दार उघडलं आणि बाजूला झाली. खांब भिंतीला टेकून उभा राहिला.

"तुझा आवाज पोचत होता," मी म्हटलं. "सगळ्यांपर्यंत. मलाच ऐकू येत नाही. गुण चुकीचे दिले. माफी मागायला आलोय."

त्यानं आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग दोन पावलं पुढे येऊन, अगदी समोर उभा राहून विचारलं, "म्हणजे मी मोठ्यानं बोलायचं नाही ना?"

"अजिबात नाही."

"आणि खिडकीकडे तोंड केलं तर चालेल?"

"बाईंना विचार. मला विचारशील तर, तुझी पाठ चांगली बोलते."

तो पहिल्यांदाच हसला. "सर, तुम्ही वाचत होता म्हणे माझ्या जागी. कसं वाटलं?"

"ती खुर्ची टोचते रे."

"मलापण टोचते! मी कुणाला बोललो नाही."

आईनं बळेबळे ताज्या पावाची पिशवी हातात दिली. नको म्हटलेलं त्या घरात कुणालाच ऐकू आलं नाही.

३ नोव्हेंबर

काल दोन्ही कानांत यंत्रं बसली. जग फार गोंगाटाचं आहे. वर्तमानपत्राचं पान उलटलं तर पत्रा फाटल्यासारखा आवाज. माझ्या चपला इतक्या वाजतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सकाळी ही कणीक मळताना गुणगुणत होती. मी दारात उभा राहून ऐकलं. तिला वाटलं, मला काही हवंय.

वर्गात यंत्रं दाखवली. लपवायचं तर किती लपवणार? टपालनं हात वर करून विचारलं, "सर, आता आम्ही मागे काय बोलतो ते सगळं ऐकू येणार का?"

"सगळं."

"अरेरे," मागून कुणीतरी म्हणालं. आणि ते मला ऐकू आलं!

त्यानंतर सात वैशिष्ट्यांचं टिपण काढलं. उतरवून दिलं नाही. एकेक वैशिष्ट्य वाचायचं आणि ते नाटकात कुठे दिसतं, ते उठून करून दाखवायचं, असं ठेवलं. सातांपैकी पाच सापडली. दोन कुणालाच सापडली नाहीत. बाई म्हणाल्या, कदाचित ती नसतीलच. मी ती खोडली.

१८ नोव्हेंबर, शनिवार

आधी निकाल. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी खांबाला छत्तीस दिले, टपालला सदतीस. शेरा असा: 'बाप समोरच्याचं ऐकतो, म्हणून त्याच्याकडे बघत राहावंसं वाटतं.' खांबाच्या आईनं तो दोनदा वाचला आणि कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. तो परत द्यायचा असतो, हे तिला कुणी सांगितलं नाही. मी तर नाहीच.

आता प्रयोग. सभागृह भरलं होतं. नव्या बाई विंगेत, अंबाड्यात पेन्सिल, ओठांवर मुठी. मी आणि ही मध्यावर बसलो. यंत्रं लावूनही काही वाक्यं निसटली, पण हरकत नव्हती. मुलं इतकी एकमेकांत गुंतली होती, की निसटलेलं वाक्य पुढच्याच्या चेहऱ्यावर सापडायचं.

तिसऱ्या अंकाचा शेवट. पूल सुरू व्हायचा दिवस. मुलगी कंपनीच्या गणवेशात उभी आहे. बाप टेबलाशी बसलाय, आज पहिल्यांदाच त्याला कुठे जायचं नाहीये. तो म्हणतो, 'निघ. उशीर होईल तुला.'

ती निघत नाही. तोही बघत नाही. आणि सगळे आवाज बंद झाले.

 नेमकं आत्ताच यंत्र गेलं. डाव्या कानाचं बटण दाबलं, उजव्या कानाचं दाबलं. काही नाही. हिच्याकडे झुकून कुजबुजलो, "यंत्र बंद पडलं गं. काय बोलतायत?"

तिनं माझा हात कानावरून खाली आणला.

"काही नाही. गप्प आहेत ते."

"नक्की?"

"अहो, सगळेच गप्प आहेत."

मी मान वळवून मागे बघितलं. रांगेमागून रांगा, तीनशे माणसं, कुणी हलत नव्हतं. सगळे माझ्यासारखेच थोडे पुढे झुकून बसले होते. मीही पुढे वळलो आणि त्यांच्याबरोबर थांबलो.

मग खांबानं टेबलाशेजारची दुसरी खुर्ची पायानं हळूच बाहेर सरकवली. लाकूड फरशीवर घासल्याचा आवाज आला. टपाल बसली.